वही आपली, किल्ली कोणाची?

व्यापारी माणसास एका गोष्टीचा मनस्वी तिटकारा असतो. ती म्हणजे न मागितलेला माल गळ्यात पडणे. युरियाची मागणी नोंदवावी आणि पोत्यांबरोबर न खपणाऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या बाटल्याही उचलाव्या लागाव्यात, हा अनुभव खतविक्रेत्यांस नवा नाही. बाजारात या प्रकारास 'लिंकिंग' असे नाव पडले आहे. घरोघरच्या गृहिणींनाही याची ओळख आहे. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी हवी असेल तर शेगडीही येथूनच घ्यावी लागेल, हे वाक्य एके काळी किती जणींनी ऐकून घेतले असेल!

अशा जोडविक्रीस आपल्या देशातील कायदा बऱ्याच काळापासून संशयाने पाहत आला आहे. १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने तिला निर्बंधक व्यापारप्रथांत गणले होते. तो कायदा आज अस्तित्वात नाही. तथापि २००२ चा स्पर्धा अधिनियम आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम या दोहोंतही तो विचार कायम राहिला आहे. एक वस्तू देण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणे हा सरळ व्यवहार नव्हे, असे त्याचे सार आहे.

खताचे पोते डोळ्यांना दिसते. त्यामुळे त्यासोबत काय गळ्यात पडले तेही दिसते. आपल्या गादीसमोर ठेविलेल्या संगणकाचे तसे नाही. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत या विषयाकडे सभासद बंधुभगिनींचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पेटीबरोबर काय येते?

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि लहान दुकानदारासही संगणकावाचून गत्यंतर उरले नाही. पुढे १ एप्रिल २०१८ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या, पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालास ई-वे बिल आवश्यक झाले. आपला बऱ्हाणपूर जिल्हा तर महाराष्ट्राच्या वेशीवर वसलेला. येथील यंत्रमागाच्या कापडाची गाडी रावेर-जळगावच्या वाटेला लागली की थोड्याच वेळात राज्याची सीमा ओलांडते. म्हणजे जिल्ह्याच्या शहरात काय किंवा जसोंडीसारख्या गावात काय, ज्यास सीमेपलीकडे माल धाडावयाचा आहे त्याच्या व्यवहारात संगणक हा तराजूइतकाच आवश्यक झाला.

हा संगणक विकत घेताना पावतीवर बहुधा एकच रक्कम असते. प्रत्यक्षात आपण दोन गोष्टी घेत असतो. एक म्हणजे यंत्र आणि दुसरी म्हणजे त्या यंत्रास चालविणारी मूळ कार्यप्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. दुकानांतील बहुतेक संगणकांत ही प्रणाली विंडोज असते. तिच्यासाठी यंत्र बनविणाऱ्याने किती पैसे भरले आणि ते आपल्याकडून किती घेतले, याचा उलगडा पावतीत होत नाही. शिवाय या कार्यप्रणालीच्या पोटात महाजालावर फिरण्याचा ब्राउझर, गाणी व चित्रपट लावण्याचा मीडिया प्लेअर, विषाणूंपासून रक्षण करणारी आज्ञावली आणि थोड्या दिवसांनी पैसे मागू लागणारी काही चाचणीची सॉफ्टवेअर असा पुष्कळ माल आधीच भरलेला असतो.

यात सर्व वाईटच आहे असे आम्ही म्हणत नाही. घर विकताना दारास कडी-कोयंडा लावूनच द्यावा, यात गैर काय? नवा संगणक सुरू करताच पत्र लिहिता यावे, गाणे ऐकता यावे, विषाणूपासून संरक्षण असावे, ही ग्राहकाची सोयच आहे. प्रश्न निर्माण होतो तो पुढे. कडी-कोयंडा काढून आपल्या पसंतीचा लावता येतो काय? आणि त्या कुलपाची दुसरी किल्ली कोणाच्या खिशात राहते?

विलायतेतील न्यायालयांत काय घडले

या प्रश्नावर पहिला मोठा खटला अमेरिकेत उभा राहिला. १८ मे १९९८ रोजी तेथील न्याय विभागाने व अनेक राज्यांनी विंडोजची निर्माती मायक्रोसॉफ्ट हिच्यावर दावा लावला. विंडोजबरोबर स्वतःचा इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर जोडून देऊन नेटस्केपसारख्या प्रतिस्पर्ध्याची वाट बंद केली, हा त्यातील एक मुख्य आरोप होता. खालच्या न्यायालयाने २००० साली कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. वरिष्ठ न्यायालयाने २००१ मध्ये तो हुकूम रद्द केला. पण मक्तेदारी टिकविण्यासाठी कंपनीने गैरमार्ग अवलंबिले, हा निष्कर्ष कायम ठेविला. अखेर तडजोड झाली.

आपल्या विषयाशी अधिक निकटचा निर्णय युरोपातील आहे. २४ मार्च २००४ रोजी युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड ठोठावला. प्रतिस्पर्ध्यांना आवश्यक तांत्रिक माहिती न देणे हा एक दोष होता. विंडोजमध्ये विंडोज मीडिया प्लेअर जोडून देणे हा दुसरा. त्यामागील युक्तिवाद व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. प्रत्येक विंडोज यंत्रात एकच प्लेअर आयता बसलेला असेल, तर गाणी व चित्रपट विकणारा आपला माल त्याच प्लेअरच्या साच्यात ओतील, कारण गिऱ्हाईक तेथे हमखास आहे. माल त्या साच्यात गेला की गिऱ्हाईकही दुसऱ्या प्लेअरकडे वळणार नाही. दुसरा प्लेअर गुणाने सरस असला तरी त्याचे दुकान अशा रीतीने ओस पडते.

२००७ च्या सप्टेंबरात युरोपीय न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला. त्याआधीच आयोगाच्या आज्ञेप्रमाणे मीडिया प्लेअर वगळलेली विंडोजची निराळी आवृत्ती बाजारात आलेली होती. परंतु तिची किंमत प्लेअरसह असलेल्या आवृत्तीइतकीच ठेवण्यात आली! एकाच भावात भरलेली आणि रिकामी अशा दोन थैल्या मांडल्या, तर रिकामी कोण उचलील? ती आवृत्ती खपली नाही, यात नवल ते काय? वेगळेपणा कागदावर येऊन भागत नाही. तो भावातही उतरावा लागतो, हा धडा यातून मिळतो.

किमतीचाच प्रश्न पुढे ग्राहकांनीही न्यायालयात नेला. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे ठरविले की, यंत्रासोबत आलेली कार्यप्रणाली ज्यास नको असेल त्यास तिचे पैसे परत मिळाले पाहिजेत. उलट ७ सप्टेंबर २०१६ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका फ्रेंच ग्राहकाच्या प्रकरणी सांगितले की, कार्यप्रणाली आधीच घालून संगणक विकणे हे तेवढ्यानेच अनुचित ठरत नाही, आणि तिची किंमत वेगळी न दाखविणे म्हणजे दिशाभूलही नव्हे. एकाच प्रश्नावर जाणत्या न्यायाधीशांचा कल असा निरनिराळा पडला. तात्पर्य, केवळ कायद्याच्या भरवशावर राहणाऱ्या ग्राहकाचे हित साधेलच असे नाही.

गीत विकत घेतले की भाड्याने?

प्लेअर कोणता, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण प्लेअरबरोबर साचा ठरतो, साच्याबरोबर कुलूप ठरते आणि कुलपाबरोबर आपला हक्क ठरतो. या कुलपास तंत्रज्ञ मंडळी डीआरएम म्हणतात. अमुक यंत्रावरच गाणे वाजावे, अमुक वेळाच त्याची नक्कल व्हावी, विकणाऱ्याच्या दूरच्या संगणकाने होकार दिला तरच ते उघडावे, अशी बंधने त्यात घातलेली असतात.

आपल्या वडिलांनी तबकडी विकत घेतली, ती त्यांची झाली. ती मुलास मिळाली. शेजाऱ्याने दोन दिवस ऐकावयास नेली. दुकान बंद पडले तरी तबकडी वाजत राहिली. कुलूपबंद गाण्याचे तसे नाही. मायक्रोसॉफ्टच्याच एमएसएन म्युझिक या दुकानातून लोकांनी पैसे मोजून गाणी घेतली होती. दुकान बंद झाल्यावर २००८ साली कंपनीने जाहीर केले की, या गाण्यांना नव्या यंत्रावर उघडण्याची अनुमती यापुढे दिली जाणार नाही. ग्राहकांनी गिल्ला केल्यावर मुदत वाढवावी लागली. २०१९ साली त्याच कंपनीने आपले ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळले, तेव्हा वाचकांच्या कपाटातील पुस्तकेच अदृश्य झाली. पैसे परत दिले, हे खरे. परंतु विकलेला माल दुकानदाराने रात्रीतून घरी येऊन उचलून न्यावा आणि उंबऱ्यावर पैसे ठेवावेत, याला आपल्या बाजारपेठेत कोणते नाव देतील, हे वाचकांनीच ठरवावे.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातील आहे. फ्लिपकार्टने २०१२ साली फ्लाइट नावाचे गाण्यांचे दुकान उघडले आणि २०१३ मध्ये ते बंद केले. पण तेथील गाणी कुलपाविना विकलेली होती. ज्याने ती आपल्या यंत्रात उतरवून ठेविली, त्याची ती आजही वाजतात. दोन्ही दुकाने बंद पडली; एका ठिकाणी गिऱ्हाइकास दुकानदाराच्या मर्जीवर राहावे लागले, दुसऱ्या ठिकाणी त्याचा माल त्याच्याच हाती राहिला.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा नियम लागू केला आहे की, जी डिजिटल वस्तू विकणारा पुढे काढून घेऊ शकतो, तिच्या विक्रीत 'खरेदी' हा शब्द वापरावयाचा असेल, तर ग्राहकास केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्ट सांगावे लागेल. शब्दाला जागणे हा आपल्या व्यवसायाचा पाया मानला जातो. भाड्याला भाडे म्हणावे आणि विक्रीला विक्री, यापेक्षा अधिक काही कोणी मागत नाही.

आपल्या देशातील स्थिती

भारतात या बाबतीत सर्वांत मोठा निर्णय मेजावरील संगणकाविषयी नव्हे, तर खिशातील मोबाइलविषयी झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. अँड्रॉइडच्या मोबाइलवर गूगलच्या अनेक अॅपचा संच एकत्रच बसविण्याची सक्ती हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम केला; मात्र आयोगाच्या काही आज्ञा रद्द केल्या. तत्पूर्वी जानेवारीतच, मोबाइल बनविणाऱ्यांना भारतात एकेक अॅप सुटे घेता येईल, असे गूगलने जाहीर केले होते. दूरचित्रवाणी संचांतील अशाच जोडणीचे प्रकरण एप्रिल २०२५ मध्ये २०.२४ कोटी रुपयांच्या तडजोडीने मिटले. लिंकिंग हे खताच्या गोदामात जसे असते तसे काचेच्या पडद्यामागेही असते, हे आपल्या आयोगाने मान्य केले, एवढे यावरून म्हणता येईल.

कुलपांविषयी आपला कायदाही जाणून घेण्यासारखा आहे. प्रताधिकार अधिनियमात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलम ६५-अ दाखल झाले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. परंतु त्याच कलमात असेही म्हटले आहे की, अधिनियमाने जे निषिद्ध केलेले नाही, त्या कामासाठी कुलूप उघडण्यास प्रत्यवाय नाही. खाजगी उपयोगासाठी न्याय्य वापर करण्याची मुभा कलम ५२ देतेच. म्हणजे दार उघडण्यास कायद्याची हरकत नाही. पण किल्ली ग्राहकाच्या हाती द्यावी, असे बंधन त्याने कोणावर घातलेले नाही.

स्वतंत्र प्लेअर मिळविणेही नेहमी सुकर असते असे नाही. फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रयत्नातून निघालेला व्हीएलसी हा विनामूल्य व मुक्त प्लेअर जगभर वापरला जातो. विंडोज आठमध्ये डीव्हीडी लावण्याची सोय मूळ प्लेअरमधून काढून टाकण्यात आली, तेव्हा लग्नसमारंभाच्या डीव्हीडी घरात असलेल्या कित्येकांची अडचण त्यानेच दूर केली. त्याच व्हीएलसीचे संकेतस्थळ २०२२ साली भारतात कित्येक महिने बंद होते. निर्मात्यांनी ऑक्टोबरात सरकारला कायदेशीर नोटीस धाडली आणि नोव्हेंबरात बंदी उठली. जो प्लेअर यंत्रासोबत येतो तो घरात असतोच. जो निवडून आणावयाचा, त्याची वाट अशी मध्येच अडू शकते.

मराठी अक्षर आणि पुण्याचा उद्योग

जोडून येणाऱ्या मालाचे दोन परिणाम मराठी माणसाने जवळून पाहिले आहेत, एक हिताचा आणि एक स्पर्धेचा.

पूर्वी संगणकावर मराठी लिहावयाचे म्हणजे श्रीलिपीसारखे निराळे सॉफ्टवेअर घ्यावे लागे. एका टंकात लिहिलेले पत्र दुसऱ्याच्या यंत्रावर तो टंक नसल्यास अगम्य चिन्हांची रांग होऊन उमटे. विंडोज २००० या आवृत्तीपासून युनिकोड पद्धतीचा 'मंगल' हा देवनागरी टंक आयता मिळू लागला. मुंबईच्या आयआयटीतील अक्षरकलेचे प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी तो घडविला होता. जोडून आलेल्या या मालाने मराठी अक्षर गावोगावी पोहोचविले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु मंगल हा टंक विंडोजच्या परवान्याशी बांधलेला राहिला. याच जोशी यांच्या हातून 'रघू' हा टंकही घडला. तो मात्र कोणीही घ्यावा, वाटावा, सुधारावा अशा मुक्त परवान्याने देण्यात आला. दोन्ही अक्षरे एकाच कलावंताची. पण एकावर कंपनीचे कुलूप राहिले आणि दुसरे सर्वांस मोकळे झाले.

दुसरे उदाहरण उद्योगाचे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करता करता संगणकदुरुस्ती सुरू केली, आणि बंधू संजय यांच्या साहाय्याने १९९५ च्या सुमारास विषाणूप्रतिबंधक सॉफ्टवेअर तयार केले. तेच पुढे क्विक हील या नावाने देशभर गेले आणि २०१६ साली कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. २०१२ मध्ये विंडोज आठपासून असे संरक्षण कार्यप्रणालीतच अंगभूत मिळू लागले. ग्राहकास यात लाभ आहे, हे उघड आहे. परंतु शेजारच्या दुकानात जी वस्तू इतर मालाबरोबर फुकट मिळते, तीच पैसे घेऊन विकणे किती अवघड, हे व्यापाऱ्यास निराळे समजावून सांगावयास नको.

दुकानाची वही

आता आपल्या गादीवर येऊ. दिवाळीस आपण वहीपूजन करतो. ती वही आपण विकत घेतलेली असते. आजोबांच्या काळातील रोजमेळ आणि खतावणी आजही उघडून वाचता येतात. कागदाच्या व्यापाऱ्याची परवानगी त्यासाठी लागत नाही. संगणकातील खातेवहीचे काय? वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते लिहिले त्याचा परवाना मात्र कित्येकदा वर्षाच्या वर्गणीवर चालतो. वर्गणी थकली किंवा कंपनीने ते सॉफ्टवेअरच बंद केले, आणि हिशेब केवळ त्याच्याच साच्यात असेल, तर सरकारपुढे वही कोणत्या तोंडाने उघडावी?

कार्यप्रणालीही याच चक्रात सापडली आहे. विंडोज दहाचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज अकरास विशिष्ट सुरक्षा-चकती व नवे प्रोसेसर लागतात. ज्यांत ते नाहीत, असे कित्येक धडधाकट संगणक केवळ या कारणाने बाद ठरले. तराजू ठीक आहे, पण वजने आम्ही बदलली, सबब नवा तराजू घ्या, असे म्हणण्यासारखेच हे आहे.

काय करावे?

सुज्ञ सभासदांनी आमच्या मते पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात. संगणक घेताना यंत्राची आणि कार्यप्रणालीची किंमत निरनिराळी विचारावी. विनाकार्यप्रणाली यंत्र मिळते काय, हेही विचारावे. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले म्हणजे एकशे एकाव्यास उत्तर आपोआप मिळू लागते. हिशेबाचे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी, सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढता येतात काय, ते समक्ष करून पाहावे. आणि वर्षअखेरीस तशी एक प्रत वेगळ्या पेटीत व एक कागदावर ठेवावी. घरातील विवाह, प्रवचने आणि वडीलधाऱ्यांचे आवाज ज्यांत साठविले आहेत ती ध्वनिचित्रे सर्वत्र उघडणाऱ्या साच्यांत जपावीत. पैसे देऊन गीत वा पुस्तक घेताना 'किती दिवसांसाठी?' एवढा प्रश्न अवश्य करावा.

जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी लिनक्सचा विचार करावा. सी-डॅक या सरकारी संस्थेनेही बॉस नावाची अशी मुक्त कार्यप्रणाली तयार केली आहे. पण भाबडेपणाने नव्हे. पत्रव्यवहार, महाजाल, गाणी यांस ती पुरेशी असते. हिशेबाची काही सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीची काही साधने मात्र विंडोजसाठीच बनविलेली असतात. आपल्या दुकानाची गरज आधी तपासावी आणि मगच बदल करावा.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे प्राप्त आहे. कंपनीच्या अटी जाचक आहेत म्हणून चोरीची प्रत वापरणे, हा यावरील उपाय नव्हे. अचौर्यास व्रत मानणाऱ्या समाजास याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नसावी. व्यवहाराच्या दृष्टीनेही ज्याच्या हाती चोरीची प्रत असते, तो हक्काची मागणी मोठ्याने करू शकत नाही. चोख दाम मोजणारा ग्राहकच चोख मालाचा आग्रह धरू शकतो.

आपल्या पूर्वजांनी हुंडीवर विश्वास ठेविला, तो तीवरील प्रत्येक शब्दाचा अर्थ दोन्ही पक्षांस सारखाच कळत होता म्हणून. संगणकाच्या परवान्याचे पन्नास पानी कलम आपण न वाचताच मान्य करतो, आणि तेथेच व्यवहार एकतर्फी होतो. यंदाच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या संगणकातील हिशेबाची एक प्रत बाहेर काढून, ती दुसऱ्या यंत्रावर उघडते की नाही एवढे पाहावे. उघडली, तर वही आपली आहे. न उघडली, तर किल्ली कोणाकडे आहे याचा शोध त्याच दिवशी सुरू करावा.